आपत्तीचा पाऊस आणि स्थानिक नभोवाणीची भाषा

१

९ जुलै २०२३ रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत चंदीगढ शहरात तीनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. या शहराच्या पर्जन्यनोंदींत एका दिवसाचा एवढा पाऊस त्यापूर्वी आढळत नाही. सुखना तलावाची पातळी धोक्याच्या खुणेवर गेली आणि तलावाचे दरवाजे उघडावे लागले. १९५८ मध्ये शिवालिक टेकड्यांतून येणारा सुखना चो अडवून हा तलाव निर्माण करण्यात आला होता. दरवाजे उघडले की पाणी पुन्हा त्याच जुन्या वाटेने निघते आणि चंदीगढच्या पूर्व कडेची वस्ती ओलांडून पंजाबच्या हद्दीतील बलटाना या उपनगरातून घग्गर नदीला जाऊन मिळते. २३ ऑगस्ट २०२० रोजीही असेच दरवाजे उघडले गेले होते आणि तेव्हाही बलटान्यातील घरांत पाणी शिरले होते.

‘चो’ हा या प्रदेशातील शब्द. वर्षातील बहुतेक महिने कोरडा, वाळूने भरलेला आणि पावसाळ्यात काही तासांपुरता उग्र होणारा प्रवाह, असा त्याचा अर्थ आहे. मराठीतील ‘ओढा’ किंवा कोकणातील ‘पऱ्ह्या’ हे शब्द त्याच्या जवळपास येतात. परंतु चोमध्ये विध्वंसाचा जो अर्थ मुरलेला आहे, तो त्यांत तितकासा नाही. होशियारपूर भागातील शेतजमीन या प्रवाहांनी इतकी गिळली होती, की १९०० साली पंजाबात जमिनीच्या संरक्षणासाठी जो कायदा झाला, त्याच्या मूळ नावातच ‘चो’ हा शब्द होता. कायद्याला लोकांच्या तोंडचा शब्द घ्यावा लागला, हे येथे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण आपत्तीच्या प्रसंगी शासनाची भाषा आणि लोकांची भाषा यांची गाठ कोठे पडते, हाच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

तलावाचे दरवाजे उघडण्याचा निर्णय एका प्रशासनाच्या कचेरीत होतो आणि त्याचा परिणाम थोड्याच वेळात दुसऱ्या प्रशासनाच्या हद्दीतील स्वयंपाकघरात पोहोचतो. चंदीगढ हा केंद्रशासित प्रदेश आहे. त्याला लागून असलेले मोहाली पंजाबात आणि पंचकुला हरयाणात मोडते. तीन नगरे, तीन प्रशासने. परंतु आकाश एकच. चंदीगढहून निघालेल्या ध्वनिलहरी तिन्ही नगरांत सारख्याच ऐकू येतात. पाण्याप्रमाणेच त्याही हद्द मानत नाहीत. या एकाच कारणाने स्थानिक नभोवाणीकडे असे एक सामर्थ्य येते, की जे तिन्ही प्रशासनांपैकी एकाकडेही स्वतंत्रपणे नाही. सामर्थ्य असेल तेथे उत्तरदायित्वही असते. या उत्तरदायित्वाचे स्वरूप काय, आणि ते पार पाडण्याच्या आड काय येते, हे पाहणे आवश्यक आहे.

२

प्रथम कायद्याची बाजू. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय दिला. १९९० च्या प्रसार भारती अधिनियमात सार्वजनिक हिताच्या सर्व बाबींविषयी मुक्त, सत्य आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याचा नागरिकांचा हक्क जपणे, हे आकाशवाणीचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या ६७ व्या कलमानुसार राष्ट्रीय, राज्य वा जिल्हा प्राधिकरणाच्या शिफारशीवरून शासन कोणत्याही ध्वनिमाध्यमाला इशारे प्रसारित करण्याचा निर्देश देऊ शकते आणि तो निर्देश त्या माध्यमावर बंधनकारक असतो. त्याच अधिनियमाचे ५४ वे कलम आपत्तीविषयी खोटा इशारा देऊन घबराट निर्माण करणाऱ्यास एक वर्षापर्यंतच्या कारावासाची वा दंडाची तरतूद करते.

खाजगी एफ. एम. केंद्रांची स्थिती निराळी आहे. त्यांना स्वतंत्रपणे वृत्तप्रसारण करण्यास मनाई आहे. आकाशवाणीची वार्तापत्रे जशीच्या तशी सहक्षेपित करण्याची तेवढी मुभा आहे. मात्र २०११ च्या धोरणात काही विषय ‘वृत्त’ या संज्ञेतून वगळण्यात आले. वाहतूक आणि हवामान यांची माहिती त्यांत आहे. वीज, पाणीपुरवठा, नैसर्गिक आपत्ती आणि आरोग्यविषयक इशारे यांच्या सार्वजनिक सूचनाही त्यांत आहेत. पण त्यांना एक अट जोडलेली आहे. ही माहिती स्थानिक प्रशासनाने पुरवलेली असली पाहिजे. सामुदायिक नभोवाणी केंद्रांची चौकटही याहून फारशी वेगळी नाही.

ही अट वरवर पाहता शहाणपणाची आहे. अफवेने काय होते, याचे उदाहरण मुंबईने पाहिलेले आहे. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर दोनच दिवसांनी, २८ जुलैच्या संध्याकाळी, समुद्राची लाट येत असल्याची, धरण फुटल्याची आवई उठली आणि जुहूजवळील नेहरूनगर वस्तीत चेंगराचेंगरी होऊन डझनाहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या वस्तीत पाणी आलेच नव्हते. केवळ शब्दाने हे मृत्यू घडवले. अशा समाजात कोणत्याही निवेदकाला मनास येईल तो इशारा देण्याची मोकळीक असावी, असे कोणी म्हणणार नाही.

परंतु याच उदाहरणाची दुसरी बाजूही आहे. अफवा बोलण्यातून जन्मते, त्याहून अधिक ती मौनातून जन्मते. ज्या घटकेला लोकांना काहीतरी कळणे अत्यावश्यक वाटत असते, त्या घटकेला अधिकृत वाणी गप्प असली, की ती पोकळी पहिला येईल तो आवाज भरून काढतो. ‘स्थानिक प्रशासनाने पुरवलेली माहिती’ या अटीचे पालन निवेदक करील. पण माहिती पुरवण्याचे बंधन प्रशासनावर तितक्याच स्पष्ट शब्दांत आणि कालमर्यादेसह कोठे घातलेले आहे? आणि चंदीगढसारख्या ठिकाणी ‘स्थानिक प्रशासन’ म्हणजे तिघांपैकी कोणते? दरवाजे उघडणारे, की ज्याच्या हद्दीत पाणी शिरणार आहे ते? नियमाच्या या मोघमपणात मोलाची घटका निघून जाऊ शकते. म्हणून उत्तरदायित्वाचा विचार केवळ केंद्रापुरता करणे अपुरे आहे. बोलणाऱ्याचे कर्तव्य आणि त्याला बोलण्यास सामग्री देणाऱ्याचे कर्तव्य ही एकाच दोरीची दोन टोके आहेत.

३

माहिती वेळेवर मिळाली, असे गृहीत धरले तरी पुढचा प्रश्न उरतोच, आणि तो भाषेच्या अभ्यासकाचा प्रश्न आहे. इशारा कोणत्या शब्दांत द्यावयाचा?

हवामानखात्याच्या परिभाषेत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे ‘जोरदार’, ११५.६ ते २०४.४ म्हणजे ‘अति जोरदार’ आणि त्यापुढचा तो ‘अत्यंत जोरदार’. महाराष्ट्राच्या महसूल खात्यात मात्र एखाद्या मंडळात ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की ‘अतिवृष्टी’ झाली असे धरतात. नुकसानभरपाईचे पंचनामे त्यावर अवलंबून असतात. म्हणजे ‘अति’ हे एकच उपपद एका खात्यात जेथे सुरू होते, तेथे दुसऱ्या खात्याची पहिलीच पायरी असते. सामान्य श्रोत्याला या दोन्ही पायऱ्या ठाऊक नसतात. त्याच्या लेखी ‘अतिवृष्टी’ हा दरसाल वर्तमानपत्रात येणारा, पिकांच्या नुकसानीशी निगडित असा शब्द आहे. तो ऐकून कोणी गच्चीवर चढत नाही.

स्थळाच्या बाबतीतही हीच अडचण येते. २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच काळात कुलाब्यातील नोंद अवघी ७३ मिलिमीटर होती. ‘मुंबईत मुसळधार पाऊस’ हे वाक्य त्या दिवशी खरे होते आणि तरीही निरुपयोगी होते. जे वाक्य कुलाब्याला आणि कुर्ल्याला सारखेच लागू पडते, ते दोघांपैकी कोणालाही काही सांगत नाही. ‘स्थानिक’ या विशेषणाचा खरा अर्थ येथे उलगडतो. केंद्राचा मनोरा कोणत्या शहरात उभा आहे यावर स्थानिकता ठरत नाही. निवेदकाच्या वाक्यात पुलाचे, वस्तीचे, ओढ्याचे नाव येते की नाही यावर ती ठरते.

या दृष्टीने सांगली आणि कोल्हापूर यांचे उदाहरण बोधप्रद आहे. ‘कोयनेतून इतके हजार क्युसेक विसर्ग’ हे निवेदन ऐकून कृष्णाकाठच्या माणसाला फारसा बोध होत नाही. पण आयर्विन पुलाजवळ पाणी चाळीस फुटांवर गेले की इशारा आणि पंचेचाळीसवर गेले की धोका, हे सांगलीकराला तोंडपाठ असते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याचे एकोणचाळीस आणि त्रेचाळीस हे आकडे तसेच घरोघर माहीत असतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळील पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा तो आकडा ऐकून आपल्या गल्लीत पाणी कोठवर येणार, याचा अंदाज पुष्कळांना बांधता आला. येथे आकडा हा अनुभवाशी जोडला गेलेला आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पुरांनी त्याला अर्थ दिलेला आहे.

याउलट सुखना तलावाची धोक्याची पातळी ११६३ फूट सांगितली जाते. हे माप समुद्रसपाटीपासूनचे आहे. तलावाचे दरवाजे सांभाळणाऱ्या अभियंत्याला त्याचा अर्थ आहे. बलटान्याच्या रहिवाशाला नाही. त्याचे घर समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे, हे त्याला कोणी कधी सांगितलेले नसते. चंदीगढ हे नवे शहर. त्याच्या उपनगरांतील अनेक कुटुंबे उत्तर प्रदेश, बिहार, हिमाचल येथून आलेली. त्यांच्या स्मरणात या चोचा जुना पूर नाही. अशा श्रोत्यासाठी आकड्याचे भाषांतर कृतीत करावे लागते. ‘पातळी ११६३ फुटांवर गेली’ या वाक्याच्या पुढे ‘चोच्या काठच्या गल्ल्यांतील लोकांनी तळमजल्यावरील माणसे व जनावरे आताच हलवावीत’ हे दुसरे वाक्य आल्यावाचून पहिले पूर्ण होत नाही. आणि हे दुसरे वाक्य पंजाबीत, हिंदीत, पुन्हा पंजाबीत, असे अनेकदा यावे लागते.

४

अशा वाक्यांची परंपरा भारतीय भाषांना नवी नाही. महाराष्ट्रातील गावात दवंडी होती. पंजाबात मुनादी होती. या दोहोंच्या रचनेत साम्य आहे. प्रथम लक्ष वेधणारा ध्वनी, मग कोणाच्या नावाने आज्ञा आहे त्याचा उच्चार, मग एकच गोष्ट, मग तिची पुनरुक्ती. आणि पुढच्या चौकात जाऊन सारे पुन्हा पहिल्यापासून. दवंडी देणारा स्वतःचे मत सांगत नसे. परंतु कोणत्या चौकात थांबावे, कोणत्या आळीत आवाज चढवावा, हे तो जाणत असे. पंजाबच्या खेड्यांत आज हे काम बऱ्याच अंशी गुरुद्वाराचा ध्वनिवर्धक करतो. पुराच्या दिवसांत त्यावरून होणारी घोषणा ऐकताच लोक बांधाकडे धावतात, कारण तो आवाज ओळखीचा असतो. मौखिक वाङ्मयाचे अभ्यासक ज्या पुनरुक्तीला स्मरणाचे साधन मानतात, ती येथे प्राणरक्षणाचे साधन ठरते.

मराठी नभोवाणीने ही परंपरा काही काळ जाणतेपणाने जोपासली होती. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राच्या क्षेत्रातील पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत ग्रामीण नभोवाणी मंडळांचा प्रयोग करण्यात आला. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकावे, ऐकलेल्यावर चर्चा करावी आणि मग कृती करावी, असे त्याचे सूत्र होते. श्रोत्यांचे प्रश्न केंद्राकडे परत येत आणि पुढील कार्यक्रमांत त्यांची उत्तरे दिली जात. व्यंकटेश माडगूळकरांसारखा कथाकार पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रम विभागात दीर्घकाळ काम करीत होता, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. माणदेशी बोलीचा नाद ज्याच्या कानात आहे, असा लेखक केंद्रात असणे म्हणजे केंद्राला आपल्या श्रोत्याचा कान लाभणे होय. त्या काळातील नभोवाणीने साहित्यिकांना आश्रय दिला, असे बहुधा म्हटले जाते; साहित्यिकांनी नभोवाणीला बोलती भाषा दिली, हेही तितकेच खरे आहे.

भाषेच्या या अंगाचा पद्धतशीर विचार जपानात झाला. १९९५ च्या कोबे येथील भूकंपात परदेशी रहिवाशांना सूचना समजल्या नाहीत, हे ध्यानी आल्यावर तेथील भाषाशास्त्रज्ञांनी ‘सोपी जपानी’ या नावाने आपत्तिप्रसंगीच्या भाषेचे एक रूप सिद्ध केले. ‘आश्रयस्थान’ या अर्थाच्या संस्कारित शब्दाऐवजी ‘सर्वांनी पळून जाण्याची जागा’ असे सांगावे, हे त्याचे धोरण. २०११ च्या त्सुनामीनंतर तेथील सार्वजनिक नभोवाणीनेही आपला संयत स्वर तपासून पाहिला. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपाच्या वेळी निवेदिकेने जवळजवळ ओरडून ‘आताच्या आता पळा’ अशा अर्थाची आज्ञा वारंवार दिली. सभ्य निवेदनाची रीत तिने मोडली, आणि ती मोडावी हे संस्थेने आधीच ठरवलेले होते. आपल्याकडे ‘नागरिकांनी सतर्क राहावे असे आवाहन करण्यात येत आहे’ या कर्मणी प्रयोगाची चटक अद्याप सुटलेली नाही. या वाक्यात आवाहन कोण करतो ते नाही, आणि सतर्क राहणे म्हणजे नेमके काय करणे, तेही नाही.

५

भाषा सिद्ध झाली तरी बोलणारा माणूस जागेवर हवा. १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्रीनंतर अमेरिकेतील मायनट या गावाजवळ मालगाडी घसरून अमोनिया वायू पसरला. पोलिसांनी स्थानिक नभोवाणी केंद्राशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला. उत्तर मिळाले नाही. दोष यंत्रणेचा होता की मनुष्यबळाच्या अभावाचा, याविषयी पुढे वाद झाला. परंतु दूरच्या शहरातून ध्वनिमुद्रित कार्यक्रम पाठवून अनेक गावांची केंद्रे चालवण्याच्या पद्धतीवर त्या रात्रीने बोट ठेवले. याउलट २००५ च्या कॅट्रिना वादळात न्यू ऑर्लिन्स येथील एका केंद्राने प्रसारण खंडित होऊ दिले नाही. एरवी परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांच्या केंद्रांनी एकत्र येऊन एकच संयुक्त प्रसारण चालवले. भारतातही कार्यक्रम दूरस्थ ठिकाणी तयार होऊन अनेक शहरांत वाजण्याची प्रवृत्ती वाढत आहे. त्यामुळे पावसाच्या रात्री दोन वाजता आपल्या गावच्या केंद्रात कोणी जागे आहे काय, हा प्रश्न येथेही अप्रस्तुत नाही.

आता नभोवाणीची गरजच काय, इशारे थेट भ्रमणध्वनीवर येतात, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. अनेक घरांत आज स्वतंत्र नभोवाणी संच उरलेला नाही. पण ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत वीज आणि भ्रमणध्वनी दोन्ही कोलमडले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात व संपर्काबाहेर राहिली. मनोरा विजेवाचून फार काळ तग धरत नाही. दोन घटांवर चालणारा ट्रान्झिस्टर धरतो. शिवाय भ्रमणध्वनीवरील संदेश एक-दोन वाक्यांत संपतो. पूर मात्र रात्रभर चालतो, आणि त्या रात्रभर कोणीतरी सांगत राहावे लागते. २०२३ मध्ये केंद्र शासनाने भ्रमणध्वनी संचांतील एफ. एम. ग्रहणाची सोय बंद ठेवू नये, अशी सूचना उत्पादकांना केली, ती याच कारणाने. दुसरीकडे आकाशवाणीचे मध्यमलहरी क्षेपक क्रमाक्रमाने बंद होत आहेत. एफ. एम. चा आवाज स्वच्छ असतो, पण डोंगर त्याला अडवतो. सह्याद्रीच्या आणि शिवालिकच्या आडोशाला असलेल्या गावांच्या बाबतीत हा व्यवहार तोट्याचा ठरणार नाही, याची खात्री करून घेतली पाहिजे.

इशारा आणि कृती यांची सांगड बसली म्हणजे काय घडते, हे ओडिशाने दाखवून दिले आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मृत्यू पावली. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन वादळ त्याच किनाऱ्यावर आले, तेव्हा लक्षावधी लोकांना आधीच हलवण्यात आले आणि मृतांची संख्या काही दहांवर थांबली. निवाऱ्याच्या इमारती, स्वयंसेवक, प्रशासन आणि पूर्वसूचना या सर्वांचे ते फळ होते. नभोवाणी हा त्या साखळीतील एक दुवा आहे, यापेक्षा अधिक श्रेय तिला देण्याचे कारण नाही. कमी देण्याचेही नाही.

६

या विवेचनातून स्थानिक नभोवाणीचे उत्तरदायित्व तीन पदरांचे आहे, असे दिसते. आपत्तीच्या वेळी केंद्रात माणूस आणि वीज असली पाहिजे. प्रशासनाकडून विशिष्ट पातळीला विशिष्ट माहिती विनाविलंब मिळेल, असा लेखी संकेत आधीच ठरलेला असला पाहिजे. आणि ती माहिती श्रोत्याच्या भाषेत, त्याच्या स्थळनामांसह, करावयाच्या कृतीसह सांगितली गेली पाहिजे. चंदीगढपुरते बोलावयाचे तर तिन्ही प्रशासनांनी मिळून एकच सूचनाकेंद्र मुक्रर करावे आणि आकाशवाणी, खाजगी केंद्रे व विद्यापीठाच्या परिसरातील सामुदायिक केंद्र यांनी त्या सूचना एकाच मसुद्याने प्रसारित कराव्यात. त्यामुळे ‘स्थानिक प्रशासन कोणते’ हा प्रश्न भर पावसात पडणार नाही. ‘धोका टळला’ हे वाक्यही त्याच केंद्राकडून यावे, म्हणजे अफवेला जागा राहणार नाही.

यांतील तिसरा पदर भाषाविभागांच्या कक्षेत येतो. कोणत्या चोला कोणत्या वस्तीत कोणत्या नावाने ओळखतात, कोणता पूल कागदोपत्री एका नावाचा आणि लोकांच्या तोंडी दुसऱ्या नावाचा आहे, बिहारहून आलेल्या मजुराला ‘चो’ म्हटलेले कळते की ‘नाला’ म्हणावे लागते, ही माहिती गोळा करणे हे बोलीभाषांच्या सर्वेक्षणाचेच काम आहे. तिच्या आधारे पंजाबी आणि हिंदीत दहा-वीस वाक्यांचा मसुदा पावसाळ्यापूर्वी तयार ठेवता येईल, वस्तीत जाऊन वाचून दाखवता येईल आणि न कळलेला शब्द बदलता येईल. दहा-वीस वाक्यांचे हे संहितासंपादन कोणत्याही सूचीत नोंदले जाणार नाही. बलटान्यात मात्र पुढच्या वेळी पाणी उंबऱ्याशी येण्यापूर्वी ते ऐकले गेले पाहिजे.